नवीन वेब फ्रेमवर्क : घडवायला आणि लोकांपर्यंत न्यायला जाणकारांची मदत हवी आहे

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत राहतो. वेबसाइट आणि छोटी सॉफ्टवेअरं करून देणं हा गेली अकरा वर्षं माझा पोटापाण्याचा धंदा आहे. गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था, दूध संस्था, शाळा आणि सार्वजनिक वाचनालयं. चार वर्षांपासून रात्री बसून पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत एक वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट उभारायचा तयार सांगाडा, लिहितोय. नाव ठेवलंय 'ओवी'.

इतकी तयार फ्रेमवर्कं असताना हा खटाटोप कशाला, ते आधी सांगतो. चार वर्षांपूर्वी एका 'ब' वर्ग वाचनालयाला ग्रंथनोंदणी करून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथपाल बाईंचा फोन आला, "अहो, आमची सगळी पुस्तकं शून्यावर गेलीत." जाऊन बघितलं तर बाईंचा कीबोर्ड मराठीत होता. त्या दाखल क्रमांक १२३४ असा मराठी आकड्यांत टाकत होत्या. पीएचपीला तो आकडा वाटतच नाही. पूर्णांक करून दे म्हटलं की मुकाट्याने शून्य हातात ठेवतं, ना अडतं ना तक्रार करतं. क्रमांक दुबार येऊ नये ही अट मी घातली नव्हती, तो माझा दोष. बाईंनी सकाळपासून बसून भरलेली शंभरावर पुस्तकं शून्य क्रमांकावर एकावर एक पडली होती. त्या रात्री मराठी आकडे ओळखणारं जे फंक्शन लिहिलं, ती 'ओवी'ची सुरुवात.

मग एकेक वाढत गेलं. यादी मराठी वर्णक्रमाने लागली पाहिजे. युनिकोडच्या, म्हणजे संगणक अक्षरं ज्या संकेतांनी साठवतो त्यांच्या, क्रमात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, त्यामुळे साध्या क्रमवारीत 'कळस' आधी येतो आणि 'कवी' नंतर. रक्कम १,२५,००० अशीच दिसली पाहिजे, पावतीवर अक्षरी आली पाहिजे, आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू झालं पाहिजे. आणि हे सगळं स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर चाललं पाहिजे, कारण वाचनालयाला वेगळा सर्व्हर परवडत नाही.

आज 'ओवी' चार ठिकाणी रोज वापरात आहे. पण आता हे एकट्याच्याने ओढवत नाही. सुरक्षा हा माझा विषय नाही. 'ओवी' कशी वापरायची याची कागदपत्रं म्हणजे माझ्या वहीतली टिपणं. आणि लोकांपर्यंत न्यायचं कसं, याची काही कल्पना नाही. जाणकार कुठे भेटतात, त्यांना काय विचारायचं, परवाना कोणता ठेवायचा? कुणाला फुकट राबवायची इच्छा नाही, झेपेल तेवढं मानधन देईन.

---

पॉइंटर | सोमवार, रात्री ११:०५

शून्यावर गेलेली पुस्तकं वाचून पोटात गोळा आला. जावास्क्रिप्टही मराठी आकड्यांना 'हा आकडाच नाही' म्हणते. पायथन मात्र १२३ नीट ओळखतो.

कोड कुठे बघायला मिळेल?

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११:११

सध्या माझ्याच सर्व्हरवर आहे. उघड्यावर टाकायचा धीर होत नाही.

---

सिंहगडरोड | मंगळवार, सकाळी ८:२०

कृष्णाकाठ, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो. नवीन फ्रेमवर्क करू नका.

मी पीएचपीत सोळा वर्षं आहे. त्यातली तयार फ्रेमवर्कं बघा : सिम्फनी २००५ पासून आहे, लाराव्हेल २०११ पासून. राउटिंग, सेशन, डेटाबेस, रांगा, मेल यांतल्या प्रत्येक कोपऱ्यात या लोकांनी वर्षानुवर्षं ठेचा खाल्ल्या आहेत. त्याच ठेचा तुम्ही एकट्याने, रात्री, दिवसभराच्या कामानंतर पुन्हा का खाता? खुद्द लाराव्हेलनेही ब्राउझरकडून येणारी विनंती आणि तिला जाणारा प्रतिसाद हाताळायचा पाया सिम्फनीकडून घेतला आहे. २०१५ साली द्रुपल ८ हे साइट चालवायचं सॉफ्टवेअर आलं, त्यानेही तेच केलं.

तुमच्या पोस्टमध्ये जे खरोखर तुमचं आहे ते म्हणजे मराठी आकडे, वर्णक्रम, अक्षरी रक्कम. हे नीट केलेलं फारसं दिसत नाही आणि तुम्ही ते खऱ्या वाचनालयात घासून बघितलंय. त्याच्या छोट्या छोट्या कंपोजर पॅकेजेस (पीएचपीच्या कुठल्याही कामात बसवता येणारे सुटे तुकडे) करा, म्हणजे उद्या लाराव्हेलवाला, सिम्फनीवाला, कुणीही एका ओळीत बसवून घेईल. फ्रेमवर्क बदलायला कुणी तयार होत नाही. पॅकेज टाकून बघायला कुणाचंच काही जात नाही.

---

राईनकाठ | मंगळवार, दुपारी १:४८

सिंहगडरोड यांचा पॅकेजेसचा सल्ला पटला, पण 'फ्रेमवर्क करूच नका' याला माझा विरोध आहे.

टिकलेली फ्रेमवर्कं कुठून आली ते बघा. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं एक गाव आहे. तिथल्या वर्तमानपत्राच्या वेब विभागात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन काम करत होते. बातमीच्या घाईत पानं उभी करायची म्हणून त्यांनी २००३ मध्ये जे हत्यार घडवलं, ते २००५ च्या जुलैत खुलं झालं. तेच पायथनचं जँगो फ्रेमवर्क. रेल्स हे फ्रेमवर्क निघालं बेसकँप नावाच्या सॉफ्टवेअरच्या कामातून, २००४ साली. आपल्या मुंबईचंच बघा. रुशभ मेहता आणि मंडळी ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा कारभार सांभाळायचं सॉफ्टवेअर करत होती, त्याच्या खालचा पाया म्हणजे फ्रापे. आज लोक फ्रापेवर ईआरपीशी संबंध नसलेली कामंही करतात.

यांतलं कुठलंच 'चला, फ्रेमवर्क करूया' म्हणून सुरू झालं नव्हतं. आधी रोजचं काम होतं, हत्यार त्यातून निघालं. कृष्णाकाठ यांची पुस्तकं शून्यावर गेली, हे अगदी त्याच जातीचं कारण आहे.

कृष्णाकाठ, एक विचारतो. चार ठिकाणी चालतंय म्हणालात. त्या चारपैकी एकतरी तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणी उभं केलंय का?

---

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी २:३०

नाही. चारही मीच.

---

मृदगंधा | मंगळवार, दुपारी ४:०२

मी पायथनवाली आहे, पण दुखणं तेच. जँगोमध्ये शीर्षकावरून पानाचा वेब पत्ता तयार करणारं फंक्शन आहे. मूळ सेटिंगला ते मराठी अक्षरं सरळ पुसूनच टाकतं. युनिकोड चालू दे म्हणून सांगितलं की अक्षरं राहतात, पण काना-मात्रा-वेलांटी जातात. 'मराठी'चं होतं 'मरठ'. पायथनच्या लेखी काना हे अक्षर नाही आणि अंकही नाही, म्हणून तो गाळला जातो. आमच्या साइटवर तीन महिने 'पाणी' आणि 'पण' या दोन लेखांचा पत्ता एकच होत होता आणि आम्ही दोष डेटाबेसला देत होतो.

'ओवी'त हे कसं सोडवलंय?

---

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी ४:२५

अक्षरं आणि अंक यांच्या जोडीला युनिकोडचा 'खुणा' हा तिसरा वर्गही ठेवायचा, एवढंच. काने-मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे त्यातच येतात. ओळ एकच आहे, पण ती सापडायला मला आठवडा लागला होता.

---

पॉइंटर | मंगळवार, दुपारी ४:३१

ही एक ओळ तुम्ही जाहीर लिहिलीत त्याने माझं आजचं काम झालं. धीर होत नाही म्हणता, पण खुलं करायला तुम्ही सुरुवात केलेलीच आहे. :)

---

ग्रंथसखी | मंगळवार, रात्री ९:१५

मी तालुक्याच्या ठिकाणी ग्रंथपाल आहे. फ्रेमवर्क वगैरे मला कळत नाही, पण शून्यावर गेलेली पुस्तकं चांगली कळतात. आमच्याकडे दाखल नोंदवही अजून हातानेच लिहितो, कारण दोनदा संगणकावर भरली आणि दोनदा गेली.

कृष्णाकाठ, एक अडचण सांगते, तुमच्याकडे सुटली असेल तर आनंदच आहे. 'दुसऱ्या महायुद्धावरची पुस्तकं' असं शोधलं की कधी सापडतात, कधी नाहीत. आमची मदतनीस मुलगी आणि मी, दोघींनी टाइप केलेला शब्द डोळ्यांना एकसारखा दिसतो. तिने भरलेली पुस्तकं मी शोधली की मिळत नाहीत.

आणि कोहा या सॉफ्टवेअरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ या छोट्या भागातल्या वाचनालयांसाठी ते केलं आणि २००० च्या जानेवारीत चालू झालं. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. आज ते जगभरातल्या वाचनालयांत आहे. एका लहान वाचनालयाची गरज एवढी पुढे जाऊ शकते, हे आमच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं, ते मनात राहिलं.

---

मृदगंधा | मंगळवार, रात्री ९:४०

ग्रंथसखी, तुमचं 'दुसऱ्या' दोन पद्धतींनी टाइप होतं. एका कीबोर्डवर नुक्ता असलेला ऱ येतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा एक जोडचिन्हाचा संकेत. पडद्यावर अक्षर तेच, आत साठवलेले संकेत वेगळे. साठवताना दोन्ही एकाच रूपात आणावे लागतात. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण ही दोन रूपं एक करत नाही, ते आपणच करायचं.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०:०४

हे माझ्याकडे नाही. आज रात्रीच घेतो. ग्रंथसखी, मनापासून आभार.

---

बारदेशकार | बुधवार, सकाळी ७:५०

म्हापशाहून. आमची कोंकणीही देवनागरीतच, आणि हे सगळे त्रास आम्हालाही आहेत. आकडे, पत्ते, शोध हे भाग मराठीच्या नावाने कुलूपबंद करू नका, भाषा बाहेरून सांगता यावी एवढीच विनंती. तपासून द्यायला मी आहे.

---

पैठणीकाठ | बुधवार, सकाळी ९:१२

थोडं अवांतर. नाव गोड आहे, पण शोधून बघितलं का? मराठीत 'ओवी' टाकलं की ज्ञानेश्वरी येते. रोमन लिपीत टाकलं की नोकियाची जुनी ओव्ही सेवा येते. तुमचं फ्रेमवर्क कुणालाही सापडणार नाही. माउलींशी स्पर्धा कशाला? :)

---

अभंगवाणी | बुधवार, सकाळी ९:३०

नाव बदलू नका, शेपूट जोडा. गो या भाषेचंही असंच होतं, म्हणून लोक 'गोलँग' म्हणून शोधतात.

अवांतरात भर : अक्षरी रक्कम म्हणजे एक ते शंभर सगळे शब्द हाताने भरायचे ना? २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या गणितात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मी तेव्हा विरोधात होतो. नंतर एकदा 'एकोणऐंशी' आणि 'एकोणनव्वद' यांची अदलाबदल झालेली पावती हातात पडली, तेव्हा मुलांचं दुःख कळलं.

---

सिंहगडरोड | बुधवार, सकाळी ९:५५

आणि क्ष, ज्ञ कुठे ठेवता? शाळेच्या तक्त्यात शेवटी, पण काही कोश क्ष ला क मध्येच धरतात. वाचनालयाला एक हवं असेल, शब्दकोशवाल्याला दुसरं.

---

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी १०:१०

सेटिंग दिलंय. न बदलल्यास शाळेच्या तक्त्याप्रमाणे. वाचनालयाच्या बाईंनीच तसं सांगितलं होतं.

---

कुलूपकिल्ली | बुधवार, रात्री ८:३७

पुण्यात वेब सुरक्षेचं काम करते. मूळ प्रश्नाकडे वळू, कारण पतसंस्थेत लोकांचे पैसे आहेत.

कृष्णाकाठ, 'सुरक्षेत मदत हवी' असं म्हटलंत तर कुणी येणार नाही. एवढ्या मोठ्या कामाला कुणाकडे वेळ नसतो. 'लॉगिनच्या या दोनशे ओळी आहेत, सेशन चोरता येईल का बघा' असं म्हणालात तर मी शनिवारी दुपारी बसेन, आणि माझ्यासारखे आणखी चार जण बसतील. जाणकाराकडे जाताना प्रश्न कापून न्यायचा.

कुणालाही दाखवण्याआधी तुम्ही काय बघायचं ते सांगते. पासवर्ड साठवायची स्वतःची युक्ती काढली असेल तर ती आजच काढून टाका. पीएचपीत २०१३ पासून त्यासाठी तयार फंक्शन आहे, तेच वापरा. डेटाबेसची प्रत्येक विचारणा बांधलेल्या किंमतींनीच जाऊ दे, शब्दाला शब्द जोडून एकही वाक्य बनायला नको. प्रत्येक फॉर्मला गुप्त टोकन हवं, आणि ते विसरायची सोयच फ्रेमवर्कने ठेवायला नको. पानावर छापलेली प्रत्येक गोष्ट आपोआप निर्धोक होऊनच छापली जावी.

आणि फॉर्ममधून आलेलं सगळं जसंच्या तसं नोंदीत ओतायची सोय दिली असेल तर तीही काढा. २०१२ च्या मार्चमध्ये रेल्सची याच सवयीने फजिती झाली. लोक जिथे आपल्या कोडची भांडारं ठेवतात ते गिटहब स्वतः रेल्सवर चालत होतं. एका तरुणाने फॉर्ममध्ये एक जादा रकाना घुसवला आणि थेट रेल्सच्याच भांडारात बदल करून दाखवला. पुढच्या वर्षी रेल्स ४ आलं, त्यात कुठले रकाने स्वीकारायचे ते आधी सांगणं भाग झालं. हे जगातल्या अनुभवी लोकांचं झालंय, आपण तर एकटे आहोत.

शेवटचं. मदत मिळाल्याच्या आनंदात कुणालाही किल्ल्या देऊ नका. एक्सझेड या फाइली दाबून लहान करायच्या साधनाचं प्रकरण आठवतं ना? एक थकलेला एकटा माणूस ते सांभाळत होता. एका अनोळखी नावाने दोनेक वर्षं गोड बोलून, कामं करून अधिकार मिळवले आणि मागचं दार बसवलं. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंडला लॉगिनला अर्धा सेकंद जादा लागतोय असं दिसलं, म्हणून जग वाचलं. बदल सुचवायला सगळ्यांना मोकळीक द्या, पण ते आत घ्यायचा अधिकार फार सावकाश द्या.

---

पॉइंटर | बुधवार, रात्री ८:५०

कुलूपकिल्ली, +१००. 'प्रश्न कापून न्यायचा' हे मी भिंतीवर लिहून ठेवणार आहे.

---

वकीलसाहेब_नाशिक | गुरुवार, सकाळी ११:२०

परवान्याबद्दल. त्याआधी एक गोष्ट तपासा : कोडचा मालक कोण? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. तुम्ही नोकरदार नाही, त्यामुळे लेखी हस्तांतर केलेलं नसेल तर हक्क तुमचाच. पण चारही संस्थांची करारपत्रं काढून वाचा. एखाद्याने छापील नमुन्यात 'सर्व हक्क संस्थेचे' असं घातलेलं असतं आणि आपण सही करून मोकळे होतो.

एमआयटी परवाना ठेवलात तर कुणीही घेऊन बंद सॉफ्टवेअर करून विकू शकेल, फक्त तुमचं नाव ठेवावं लागेल. एजीपीएल ठेवलात तर बदल करून इंटरनेटवर सेवा देणाऱ्यालाही आपला कोड द्यावा लागेल.

---

राईनकाठ | गुरुवार, दुपारी १२:४५

माझं मत एमआयटीला. पॅकेजेस लाराव्हेलवाल्यांनी घ्यायला हव्यात ना? एजीपीएल दिसलं की अनेक कंपन्यांत चर्चाच संपते. २०१७ मध्ये फेसबुकच्या रिअॅक्ट या वेब साधनाच्या परवान्यातल्या पेटंटच्या एका कलमावरून एवढं वादळ उठलं की शेवटी सप्टेंबरमध्ये त्यांनी एमआयटी स्वीकारला.

---

खडकवासला | गुरुवार, दुपारी ३:०५

माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहितो. मी एक छोटी कोड-लायब्ररी (इतरांना आपल्या सॉफ्टवेअरमध्ये वापरता येणारा कोड) एमआयटीवर खुली केली होती. एका कंपनीने ती घेतली, स्वतःच्या उत्पादनात घातली, आणि त्यांचेच लोक रात्री दोनला मला मेल करून 'तातडीने दुरुस्त करा' म्हणायचे. पैसे सोडाच, आभाराचा शब्द नाही. दीड वर्षाने मी काम थांबवलं. परवाना कुठलाही घ्या, पण पहिल्या पानावर लिहा : दुरुस्ती सवडीने होईल, तातडी असेल तर हा दर. मी ते लिहिलं नाही, ते अजून सलतं.

---

विद्यार्थीप्रिय | गुरुवार, सायंकाळी ६:१८

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी पोरं खऱ्या कामाच्या शोधात असतात. चार-पाच जणांना तुमच्याकडे पाठवू का?

---

सिंहगडरोड | गुरुवार, सायंकाळी ६:५०

सर, हेतू चांगला आहे, पण सांभाळून. सेमिस्टर संपलं की पोरं जातात आणि अर्धवट कोड मागे राहतो. २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या खुल्या कोडला हातभार लावायच्या उपक्रमात टी-शर्टसाठी जगभरच्या भांडारांत निरर्थक बदलांचा पूर आला होता. कुणी शीर्षकात 'छान' शब्द घालून पाठवत होतं. सांभाळणाऱ्यांनी इतका त्रागा केला की नियम बदलावे लागले.

---

विद्यार्थीप्रिय | गुरुवार, सायंकाळी ७:१०

मान्य. मग असं करू. कोड लिहायला नकोच. आमच्या प्रयोगशाळेत पोरं कागदपत्रं वाचून 'ओवी' बसवतील आणि जिथे अडतील तिथे लिहून ठेवतील. कृष्णाकाठ यांनी फोनवरही मदत करायची नाही.

---

फर्ग्युसनरस्ता | गुरुवार, रात्री १०:३०

विद्यार्थीप्रिय सरांचा बेत हाच खरा प्रसार, असं माझं ठाम मत आहे. फास्टएपीआय हे फ्रेमवर्क २०१८ च्या डिसेंबरात आलं तेव्हा पायथनमध्ये फ्रेमवर्कांची वानवा नव्हती. लोक टिकले ते कागदपत्रांमुळे. पहिलं उदाहरण जसंच्या तसं टाकायचं आणि ते चालतं. रेल्सचा २००५ चा चित्रफितीतला पंधरा मिनिटांचा ब्लॉग आठवा. माणसाने समोर बसून कोऱ्या फोल्डरपासून चालती साइट उभी केली, बघणाऱ्याला वाटलं, हे मलाही जमेल. तुम्ही पंधरा मिनिटांत वाचनालय उभं करून दाखवा. मराठी बोलत. दाखल क्रमांक मराठी आकड्यांत टाका आणि तो आकडा तसाच राहिलेला दाखवा. कुठल्याही जाहिरातीपेक्षा ते बोलकं आहे.

दुसरं, कुणाच्या तरी खांद्यावर चढा. व्ह्यू हे जावास्क्रिप्टचं फ्रेमवर्क २०१४ ला आलं आणि लाराव्हेलच्या मंडळींनी उचलून धरलं, त्याचा त्याला मोठा आधार झाला. म्हणून सिंहगडरोड म्हणतात त्या पॅकेजेस आधी. त्या वापरणारा लाराव्हेलवालाच उद्या 'ओवी' बघायला येईल. फॉस युनायटेड या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या संस्थेच्या पुण्या-मुंबईतल्या भेटींत वीस मिनिटं मागून घ्या. तिथे जाणकार प्रत्यक्ष भेटतात, आणि चहाच्या वेळी कापलेला प्रश्न विचारता येतो.

पैशांचं म्हणाल तर झिरोधा या शेअर दलाल कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरात फ्लॉस फंड सुरू केलाय, वर्षाला दहा लाख डॉलर मुक्त सॉफ्टवेअरसाठी. पण तो वापरात रुळलेल्या प्रकल्पांसाठी आहे. आज नाही, दोन वर्षांनी अर्ज करा.

---

कृष्णाकाठ | शुक्रवार, पहाटे ५:४०

झोप लागली नाही, म्हणून सकाळी लिहितोय.

सिंहगडरोड, तुमचा पहिला प्रतिसाद वाचून वाईट वाटलं होतं, आज पटतोय. आकडे, वर्णक्रम, पत्ता, अक्षरी रक्कम या चार वेगळ्या पॅकेजेस करतोय, एमआयटीवर. बारदेशकार म्हणाले तशी भाषा बाहेरून सांगायची. 'ओवी' मात्र सोडत नाही. चार संस्था त्यावर उभ्या आहेत, आणि त्यांना लाराव्हेल सांभाळणारा माणूस मिळणार नाही. फक्त तिच्या आतलं विनंती हाताळायचं माझं घरगुती प्रकरण काढून सिम्फनीचा पाया घालतो. त्याने माझ्या दोन हजार ओळी जातील, जाऊ देत.

वकीलसाहेब, चारही करारपत्रं काढली. एकात 'सर्व हक्क' वालं वाक्य आहे, आज अध्यक्षांना भेटतोय. कुलूपकिल्ली, लॉगिनचा भाग वेगळा काढलाय, एकशे ऐंशी ओळी भरल्या. पासवर्ड तयार फंक्शननेच आहेत. पण फॉर्म थेट नोंदीत ओतायची सोय होती, आणि मला ती अभिमानाची गोष्ट वाटायची. काल रात्री काढली.

राईनकाठ, तुमच्या प्रश्नावर अडकलो होतो. माझ्याशिवाय कुणी उभं केलंय का? मला जाणकार हवे होते, पण त्याआधी मला न ओळखणारा एक माणूस हवा होता. सर, पोरांना पाठवा. कोड रविवारी गिटहबवर टाकतो.

---

कुलूपकिल्ली | शुक्रवार, सकाळी ९:०५

शनिवारची दुपार तुमची.

---

वकीलसाहेब_नाशिक | शनिवार, रात्री ८:००

काय म्हणाले अध्यक्ष?

---

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ८:२२

दुरुस्तीपत्र द्यायला तयार झाले. म्हणाले, "दुसऱ्या संस्थेलाही उपयोग होत असेल तर आमचं काय जातंय?"

---

विद्यार्थीप्रिय | मंगळवार, दुपारी ४:४५

आज पाच पोरं बसली. पाचही जण दुसऱ्याच पायरीवर अडकली. पीएचपीचं आंतरराष्ट्रीय भाषांचं एक्स्टेन्शन चालू असावं लागतं, ते कागदपत्रांत कुठेच नाही. पडदा पांढराफटक, चूक सांगणारा संदेशही नाही. दोघांना तासाभराने सापडलं. तिसरा, डेटाबेसचं नाव मराठीत ठेवून बसला होता, तेही चाललं नाही, आणि 'मराठी फ्रेमवर्क म्हणता तर का नाही' असं विचारतोय. अडलेल्या सतरा जागा लिहिलेला कागद जोडतो.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, सायंकाळी ५:०३

माझ्या सगळ्या सर्व्हरांवर ते एक्स्टेन्शन आधीपासून चालू असतं, मला कधी दिसलंच नाही. सतरापैकी अकरा आज रात्री होतील. पांढरा पडदा सर्वात आधी. त्या तिसऱ्या मुलाला सांगा, प्रश्न बरोबर आहे.

---

ग्रंथसखी | रविवार, दुपारी ३:३०

माझी भाची बारावीला आहे. तिने नवीन कागदपत्रं वाचून माझ्या जुन्या लॅपटॉपवर 'ओवी'चा वाचनालयाचा नमुना बसवला. दीड तास लागला, मध्ये एकदा अडली, पण पडद्यावर काय कमी आहे ते मराठीत लिहून आलं, म्हणून पुढे जाता आलं. मी आमच्या नोंदवहीतली पहिली दहा पुस्तकं भरली. दाखल क्रमांक १ टाकला, १ च राहिला. मग मदतनीस मुलीला बोलावून 'दुसऱ्या' तिच्या कीबोर्डवर टाइप करायला लावलं, आणि माझ्या कीबोर्डवर शोधलं. सापडलं.

उद्या पुढची चाळीस भरते. नोंदवहीही चालू ठेवलीय अजून.